दात वाचवणारे डॉक्टर : रफिउद्दीन अहमद

(दुखरा दात उपटून टाकणे हाच एके काळी आपल्या देशात दाढदुखीवरचा मुख्य इलाज होता. किडलेला दात दुरुस्त करता येतो, तो वाचवता येतो, हे शास्त्र भारतीय विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी एका तरुण डॉक्टरने स्वतःच्या कमाईतून महाविद्यालय उभे केले. त्या डॉक्टरांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुलांनो, तुमच्या घरात कुणाची दाढ दुखू लागली, तर आधी काय करतात? आई दाढेखाली लवंग धरायला सांगते. आजी मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायला लावते. ठणका तेवढ्यापुरता कमी होतो. चार दिवसांनी तो पुन्हा सुरू होतो. रात्र रात्र झोप लागत नाही, गाल सुजतो, घास चावता येत नाही. मग कुणीतरी सल्ला देतो की दाढ काढून टाका, म्हणजे कायमची कटकट मिटेल.

पूर्वी आपल्याकडच्या आठवडी बाजारांत रस्त्याच्या कडेला कापड पसरून दात काढणारे बसत. त्यांच्याजवळ एक चिमटा आणि एखादी औषधाची बाटली असे. जवळच काढलेल्या दातांचा ढीग मांडलेला असे. तो ढीग जितका मोठा, तितका तो माणूस हुशार, असे लोक समजत. त्या ढिगातले कितीतरी दात वाचू शकले असते, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नसे.

ही गोष्ट ज्यांच्या ध्यानात आली आणि ज्यांनी त्यासाठी आपले आयुष्य वेचले, त्या डॉक्टरांचे नाव रफिउद्दीन अहमद. भारतातील आधुनिक दंतवैद्यकाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

रफिउद्दीन यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमधील बर्धनपारा या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. त्यांचे वडील मौलवी सफिउद्दीन अहमद हे सरकारी नोकरीत डेप्युटी कलेक्टर होते. घरात शिक्षणाला मान होता. रफिउद्दीन यांचे सुरुवातीचे शिक्षण ढाक्याच्या मदरशात झाले. पुढे ते अलीगढला गेले. सर सय्यद अहमद खान यांनी तेथे स्थापन केलेले कॉलेज तेव्हा देशभर प्रसिद्ध होते. याच कॉलेजचे १९२० साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झाले. रफिउद्दीन १९०८ साली तेथून पदवी घेऊन बाहेर पडले.

त्या काळी पदवी मिळालेल्या तरुणाला सरकारी नोकरी सहज खुणावत असे. वडिलांची वाटही त्यांच्यासमोर होती. पण रफिउद्दीन यांनी वेगळाच रस्ता धरला. १९०९ साली ते दातांचे शास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेला गेले. भारतात तेव्हा हे शास्त्र शिकवणारे एकही महाविद्यालय नव्हते. आयोवा विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतले आणि १९१५ साली दंतवैद्यकाची डॉक्टर ही पदवी मिळवली.

ते अमेरिकेत शिकत होते, तो काळ या शास्त्राच्या दृष्टीने मोठा महत्त्वाचा होता. तेथे ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक नावाचे एक थोर दंतवैद्य होऊन गेले. दात भरण्याचे काम त्यांच्या आधीही चालत असे. पण प्रत्येक जण आपापल्या अंदाजाने ते करी. भरलेले मिश्रण कधी आकसून सैल होई, कधी फुगून दात फोडी. ब्लॅक यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. चांदी, कथील आणि तांबे यांची पूड पाऱ्यात किती प्रमाणात मिसळावी, म्हणजे मिश्रण आकसणार नाही आणि फुगणारही नाही, हे त्यांनी शोधून काढले. या मिश्रणाला अमालगम म्हणतात. आपल्याकडे लोक दातात चांदी भरली असे म्हणतात, ती हीच चांदी.

दातात खड्डा कोठे पडला आहे, यावरून ब्लॅक यांनी खड्ड्यांचे प्रकारही पाडले. प्रत्येक प्रकारासाठी खाच कशी कोरावी, याचे नियम त्यांनी घालून दिले. सुतार लाकडात खाच पाडताना ती आतून थोडी रुंद ठेवतो, म्हणजे बसवलेला तुकडा निसटत नाही. दात भरतानाही तसेच करावे लागे. ब्लॅक यांचा ग्रंथ १९०८ साली प्रसिद्ध झाला. रफिउद्दीन ज्या वर्षी पदवीधर झाले, त्याच वर्षी, म्हणजे १९१५ साली, ब्लॅक यांचे निधन झाले. जणू एका पिढीने आपले काम दुसऱ्या पिढीच्या हाती सोपवले.

पदवी मिळाल्यावर रफिउद्दीन बॉस्टन शहरातील फोर्सिथ दवाखान्यात काम करू लागले. हा दवाखाना १९१४ साली खास मुलांसाठी उघडलेला होता. शहरातल्या गरीब घरांतील मुलांचे दात येथे तपासले जात आणि दुरुस्त केले जात. दात किडला की उपटायचा, अशी तेथे रीत नव्हती. कीड लहान असतानाच शोधायची, ती कोरून काढायची आणि दात भरून पुन्हा कामाला लावायचा, अशी तेथील पद्धत होती. गरिबाच्या मुलाचाही दात वाचवण्याजोगा असतो, हा या दवाखान्याचा विचार होता. पुढे रफिउद्दीन यांनी मायदेशात जे काम केले, त्यामागेही हाच विचार दिसतो.

१९१९ साली ते भारतात परतले. परदेशी पदवी, उत्तम हात आणि कोलकात्यासारखे मोठे शहर. केवळ स्वतःचा दवाखाना चालवून त्यांना सुखाने राहता आले असते. पण एक डॉक्टर जन्मभरात किती दात वाचवणार? देशात कोट्यवधी माणसे होती आणि शिकलेले दंतवैद्य मोजके. त्यांनी तर परदेशात जाऊन शिकावे लागत असे. म्हणून दंतवैद्य तयार करणारी संस्था उभी करण्याचे रफिउद्दीन यांनी ठरवले.

त्यासाठी पैसा हवा होता. तो कोठून आणायचा? डॉ. अहमद यांनी कोलकात्यात चक्क सोडा आणि थंड पेयांचे दुकान काढले. न्यूयॉर्क सोडा फाउंटन असे त्याचे नाव होते. अशी दुकाने त्यांनी अमेरिकेत पाहिली होती. या दुकानातून मिळणारा पैसा त्यांनी महाविद्यालयाच्या उभारणीत घातला. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉक्टरने सरबताचे दुकान चालवावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९२० साली भारतातील पहिले दंत महाविद्यालय सुरू झाले.

सुरुवातीला विद्यार्थी मूठभर होते. अभ्यासक्रमही लहान होता. पण डॉ. अहमद यांनी धीर सोडला नाही. त्यांनी अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने वाढवत नेला आणि शेवटी तो चार वर्षांचा केला. महाविद्यालयाला जोडून रुग्णालय होते. तेथे विद्यार्थ्यांना शिकायला मिळे आणि लोकांना इलाज मिळे. १९२५ साली त्यांनी दंतवैद्यकाचे एक नियतकालिक सुरू केले. त्याचे संपादन त्यांनी १९४६ पर्यंत केले. नवे शोध, नवी औषधे, नवी साधने यांची माहिती त्यातून देशातील दंतवैद्यांना मिळू लागली.

१९२८ साली डॉ. अहमद यांचे विद्यार्थ्यांसाठीचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. किडलेल्या व मोडलेल्या दातांची दुरुस्ती कशी करावी, हाच त्या पुस्तकाचा विषय होता. डॉ. अहमद यांचे काम किती मोलाचे होते, हे समजण्यासाठी दात कसा असतो आणि तो कसा दुरुस्त करतात, हे थोडे पाहू या.

आपल्या दातावर एनॅमलचे कवच असते. आपल्या शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ आहे, हाडापेक्षाही कठीण. त्याच्या आत डेंटीनचा थर असतो आणि अगदी आत नाजूक गर असतो. या गरात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. गोड खाल्ल्यावर तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. हे आम्ल एनॅमलला हळूहळू पोखरते. तोपर्यंत काहीच दुखत नाही. कीड डेंटीनपर्यंत गेली की गार पाणी झोंबते. ती गरापर्यंत पोचली की ठणका लागतो. हाड मोडले तर ते पुन्हा सांधते, त्वचा कापली तर ती भरून येते. एनॅमल मात्र एकदा गेले की शरीर ते पुन्हा तयार करू शकत नाही. म्हणून दाताचा खड्डा बाहेरूनच भरावा लागतो.

डॉ. अहमद यांनी पुस्तक लिहिले, त्या काळी हे काम फार कष्टाचे होते. कीड कोरण्याचे यंत्र काही ठिकाणी शिवणयंत्रासारखे पायाने चालवावे लागे. विजेची यंत्रे होती, पण तीही आजच्या मानाने संथ. अमालगम खलात घालून हाताने घोटावे लागे. ते दाताला चिकटत नसे. केवळ खाचेच्या आकारामुळे अडकून राही. त्यामुळे खाच पुरेशी खोल आणि आतून रुंद करण्यासाठी दाताचा चांगला भागही कोरावा लागे.

पुढे हे शास्त्र झपाट्याने बदलत गेले. १९५७ च्या सुमारास हवेच्या दाबावर चालणारे यंत्र आले. त्याची सुई मिनिटाला तीन लाखांहून अधिक वेळा फिरते. तासाचे काम मिनिटांत होऊ लागले. १९५५ साली अमेरिकेतील मायकेल ब्युनोकोर यांनी एक साधी पण मोठी गोष्ट शोधली. दाताचा पृष्ठभाग सौम्य आम्लाने किंचित खरखरीत केला, तर त्यावर राळेसारखा पदार्थ घट्ट चिकटतो. भिंतीला टाचे मारल्यावर गिलावा पक्का बसतो, तसेच हे आहे. १९६२ साली राफेल बोवेन यांनी राळ आणि काचेची बारीक पूड यांपासून नवे मिश्रण तयार केले. त्याला कंपोझिट म्हणतात. त्याचा रंग दाताच्या रंगाशी जुळवता येतो. आज डॉक्टर हे मिश्रण दातात भरतात आणि त्यावर निळा प्रकाश टाकतात. काही सेकंदांत ते कडक होते. ते चिकटून बसत असल्यामुळे चांगला दात फारसा कोरावा लागत नाही.

१९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट तयार झाले. ते दाताला आपोआप चिकटते आणि त्यातून थोडे थोडे फ्लोराइड बाहेर पडून दाताला बळकटी देते. हातातल्या साध्या हत्यारांनी कीड खरवडून ते भरता येते. त्याला वीज लागत नाही. त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या आणि शाळांतल्या शिबिरांत त्याचा मोठा उपयोग होतो. अमालगममध्ये जवळजवळ निम्मा पारा असतो. पारा हवेत आणि पाण्यात मिसळला की घातक ठरतो. म्हणून त्याचा वापर कमी करत नेण्याचे जगातील देशांनी २०१३ च्या मिनामाता करारात ठरवले.

कीड गरापर्यंत गेली, तरीही आता दात काढावा लागतोच असे नाही. डॉक्टर आतला खराब गर काढतात, मुळांच्या नळ्या स्वच्छ करतात आणि त्या गट्टापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाने भरतात. यालाच रूट कॅनॉल म्हणतात. नंतर दातावर धातूची किंवा चिनीमातीची टोपी बसवतात. आता झिर्कोनिया नावाच्या अतिशय मजबूत पदार्थाच्या टोप्याही मिळतात. संगणकावर दाताचे चित्र घेऊन यंत्राने त्या कोरतात. दात समूळ गेला असेल, तर जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा खिळा बसवून त्यावर नवा दात बसवता येतो. माणसाच्या तोंडात असा खिळा बसवण्याचा प्रयोग स्वीडनमध्ये ब्रोनमार्क यांनी १९६५ साली केला.

मुलांनो, साधने बदलली, पण या सर्वांमागचे सूत्र एकच आहे. दाताचा जितका भाग वाचवता येईल, तितका वाचवायचा.

डॉ. अहमद यांना आणखी एका गोष्टीची काळजी होती. देशात कुणीही उठावे आणि दातांचा डॉक्टर म्हणून पाटी लावावी, अशी स्थिती होती. अडाणी हातांमुळे जबडे सुजत, जखमा चिघळत. त्यावर उपाय म्हणून कायदा हवा होता. डॉ. अहमद यांनी दंतवैद्यांची संघटना बांधली आणि सतत पाठपुरावा केला. त्यांच्या प्रयत्नांमुळे बंगालमध्ये १९३९ साली दंतवैद्यांसाठी कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली सबंध देशासाठी असा कायदा झाला आणि दंतवैद्यांची नोंदणी सुरू झाली. १९४६ साली स्थापन झालेल्या भारतीय दंतवैद्य संघटनेचे ते अध्यक्ष होते.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. डॉ. अहमद यांचे जन्मगाव पूर्व पाकिस्तानात गेले. ते मात्र कोलकात्यातच, आपल्या विद्यार्थ्यांमध्ये आणि रुग्णांमध्ये राहिले. १९४९ साली त्यांनी एक मोठा निर्णय घेतला. स्वतःच्या कमाईतून उभे केलेले आणि एकोणतीस वर्षे सांभाळलेले महाविद्यालय त्यांनी पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकले. आपल्यामागे ही संस्था टिकावी आणि ती सर्वांची व्हावी, असाच हा निर्णय होता.

ते समाजकार्यातही मागे नव्हते. १९३२ ते १९३६ या काळात ते कोलकाता महापालिकेचे सदस्य होते. १९५० ते १९६२ या काळात ते पश्चिम बंगालच्या मंत्रिमंडळात होते. शेती, सहकार, मदत आणि पुनर्वसन अशी खाती त्यांनी सांभाळली. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या माणसांचे लोंढे तेव्हा बंगालमध्ये येत होते. त्यांना आसरा देण्याचे काम सोपे नव्हते.

इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने त्यांना आपल्या फेलोचा मान दिला. भारत सरकारने १९६४ साली त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. पुढच्याच वर्षी, ९ फेब्रुवारी १९६५ रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांनी स्थापन केलेले महाविद्यालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशातील अनेक दंतवैद्य दंतवैद्य दिन म्हणून साजरा करतात.

त्यांनी लावलेल्या रोपानंतर देशात अशी कितीतरी झाडे उभी राहिली. मुंबईत १९३३ साली नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय सुरू झाले. १९६८ साली नागपूरला आणि १९८२ साली आपल्या मराठवाड्यात, त्या वेळच्या औरंगाबादला, सरकारी दंत महाविद्यालय निघाले. हिंगोली जिल्ह्यातल्या मुलामुलींना हे शास्त्र शिकायला आता सातासमुद्रापार जावे लागत नाही.

तरीही एक काम डॉक्टर करू शकत नाहीत. ते आपणच करायचे असते. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी ब्रशने किंवा मिस्वाकने दात स्वच्छ करणे, गोड खाल्ल्यावर चूळ भरणे, तंबाखू, मिश्री आणि गुटख्यापासून दूर राहणे, ही कामे कुणी दुसरा आपल्यासाठी करू शकत नाही. आपल्या भागात काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. थोडे फ्लोराइड दाताला बळ देते, पण जास्त झाले की दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. म्हणून गावातील पिण्याचे पाणी तपासून घेणेही गरजेचे आहे.

आणि एवढे करूनही दातावर काळा ठिपका दिसला, तर ठणका लागण्याची वाट पाहू नका. तो ठिपका लहान असतानाच दवाखान्यात जा. दात काढून टाकायला एक क्षण पुरतो, पण गेलेला दात पुन्हा उगवत नाही. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी आयुष्यभर हेच शिकवले.

शब्दार्थ

ठणका – सतत होणारी तीव्र वेदना
आयुष्य वेचणे – एखाद्या कामासाठी सारे जीवन खर्च करणे
खुणावणे – आपल्याकडे बोलावणे
कथील – एक पांढरा, मऊ धातू
आकसणे – आकाराने लहान होणे
मोजके – संख्येने थोडे
कमीपणा – हलकेपणा
नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारे मासिक, त्रैमासिक इत्यादी
आम्ल – आंबट गुणाचा, झिजवणारा पदार्थ, तेजाब
राळ – झाडापासून मिळणारा चिकट पदार्थ
पाठपुरावा – काम पुरे होईपर्यंत त्याच्या मागे लागणे
पुनर्वसन – उजाडलेल्या लोकांना पुन्हा वसवणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) रफिउद्दीन यांचे सुरुवातीचे शिक्षण कोठे झाले?
(आ) फोर्सिथ दवाखाना कोणासाठी उघडलेला होता?
(इ) डॉ. अहमद यांच्या १९२८ सालच्या पुस्तकाचा विषय कोणता होता?
(ई) एनॅमल गेल्यावर दाताचा खड्डा बाहेरूनच का भरावा लागतो?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) महाविद्यालयासाठी डॉ. अहमद यांनी पैसा कसा उभा केला?
(आ) अमालगम आणि कंपोझिट यांत कोणता फरक आहे?
(इ) डॉ. अहमद यांना दंतवैद्यांसाठी कायदा का हवा होता?

प्र. ३. पुढील शब्द मराठीत आहेत, तसेच उर्दूतही आहेत. प्रत्येकाचा तुमच्या वाक्यात उपयोग करा.
इलाज, दुकान, कायदा, मदत, दवाखाना

उपक्रम : तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा की त्यांचा पहिला दात कसा गेला. तो वाचू शकला असता का, यावर वर्गात चर्चा करा.